मंगळवार, गुरुवार, शनिवार आणि एक गाडी

तुमच्या घरात कुणाचं डायलिसिस नुकतंच सुरू झालं असेल, तर या, बसा. तुम्हाला वाटत असेल की घरात आजारपण आलंय. तसं नाही. तुम्ही ट्रान्सपोर्टच्या धंद्यात उतरला आहात, फक्त ते अजून कुणी तुमच्या कानावर घातलेलं नाही.

डॉक्टर बाकी सगळं सांगतील. आठवड्यातून तीनदा, दर खेपेला चार तास. हातातली धमनी आणि शीर जोडून फिस्टुला कसा करतात, मूत्रपिंडाचं काम मशीन कसं करतं, रक्त त्यातून गाळून परत कसं येतं, हे पॅडच्या कागदावर पेनाने चित्र काढून समजावतील. फक्त माणूस मशीनपाशी पोचतो कसा, ते त्या चित्रात नसतं. चित्रात तो आधीपासूनच पलंगावर आडवा असतो.

आमच्या घरचे पेशंट म्हणजे अण्णा, मुंबईत बेस्टच्या बसवर 31 वर्षं कंडक्टर होते. त्यांनी पहिल्याच आठवड्यात वेबिल भरल्यासारखा हिशेब मांडला. वर्षाचे 52 आठवडे, आठवड्याला तीन, म्हणजे 156 वेळा जाणं आणि 156 वेळा येणं. "312 ट्रिपा," अण्णा म्हणाले, "आणि कलेक्शन शून्य. असला रूट डेपोने दुसऱ्या दिवशी बंद केला असता."

तर पहिला सल्ला, माणसं जोडा. "काही लागलं तर सांगा, अर्ध्या रात्री फोन करा" असं म्हणणाऱ्यांची यादी करा. आमची यादी सतरा जणांची झाली, त्यात पाचांकडे चारचाकी. आता इथे एक चूक टाळायची, ती म्हणजे खरोखर सांगणं. मी सांगितलं. मंगळवारी पहाटे साडेपाचला अण्णांना प्रभादेवीच्या डायलिसिस सेंटरला सोडायचंय म्हटलं. अर्ध्या रात्री फोन करा म्हणणाऱ्यांना पहाटेचे साडेपाच फार लवकर वाटतात, हे मला तेव्हा कळलं. एकाने, खोटं कशाला बोलू, तीन आठवडे मनापासून नेलं-आणलं. चौथ्या आठवड्यात त्याने विचारलं, "अजून चालूच आहे का?" त्याच्या डोक्यात पाच दिवसांच्या गोळ्यांसारखा काही कोर्स असावा. त्याला तरी काय बोलायचं? बायपास असो, बाळंतपण असो, मयत असो, आपल्याकडे लोक चपला न घालता धावतात. पण दर मंगळवारी धाव, असं कुणाला सांगणार?

गाडी देता येत नाही म्हणून मग तीच माणसं शहाळी घेऊन येतात. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर, या आजारात ते साठून थेट हृदयाला त्रास देतं, आणि पाणी तर दिवसाला मोजून मिळतं. तरी "थोडं घ्या हो, नैसर्गिक आहे" चालूच. शहाळं नाकारू नका. स्ट्रॉ लावून स्वतः प्या आणि हळूच विचारा, गाडी कुठे लावलीय.

काही भाबडे लोक अँब्युलन्सचा विचार करतात. 108 ची गाडी 2014 पासून महाराष्ट्रभर फुकट धावते, पण ती तातडीच्या रुग्णांसाठी, आणि ते योग्यच आहे. 102 बाळंतिणींसाठी आणि तान्ह्या बाळांसाठी. तुमचा माणूस अपघातात सापडलेला नाही, त्याला कळाही येत नाहीत. त्याचं दुखणं पंचांगासारखं, आज गुरुवार म्हणून आज. अशांसाठी नंबर नाही. पण उपाय आहे. लागोपाठ दोन-तीन डायलिसिस चुकवा. अंगात पाणी साठेल, फुप्फुसात उतरेल, आडवं झालं की दम लागेल. झाली तुमची केस तातडीची! आता गाडी येईल, ऑक्सिजनसकट, आणि तिला वाट न देणाऱ्याला कायद्यात 10,000 रुपये दंड आहे. ज्या रस्त्याने इतके दिवस तुम्हाला रडवलं, तो कसा दुभंगतो बघा. ही युक्ती मात्र वारंवार करता येत नाही. पुष्कळांना एकदाच जमते.

खासगी अँब्युलन्स आम्ही एकदा बोलावली. चाळीच्या चौकात ती शिरली आणि तिन्ही मजल्यांच्या गॅलऱ्या भरल्या. खालच्या काकांनी घाईघाईने पांढरा शर्ट चढवला. अण्णा हातात डब्याची पिशवी घेऊन स्वतःच्या पायांनी जिना उतरले आणि ड्रायव्हरशेजारी जाऊन बसले, तेव्हा दोन-तीन चेहऱ्यांवर झालेली निराशा मी या डोळ्यांनी पाहिली आहे.

राहता राहिली रिक्षा-टॅक्सी. आम्ही चुनाभट्टीचे, सेंटर प्रभादेवीला, आणि मधे शीव. शीव म्हणजे वेस. नाव ठेवणाऱ्यांना पुढचं दिसत असावं, कारण रिक्षा अजून तिथेच थांबते. पुढे शहर, शहरात रिक्षाला मनाई. तेव्हा शीवपर्यंत रिक्षा, किमान भाडं 26 रुपये, मग उतरा, रस्ता ओलांडा, टॅक्सी शोधा, किमान भाडं 31. हे 1 फेब्रुवारी 2025 पासूनचे दर, आणि त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. मीटरने येणारा भेटला तर मी त्याला ओवाळायला तयार आहे. पुढे 12 सप्टेंबर 2025 ला प्रभादेवीचा पूल (आम्ही अजून एल्फिन्स्टनच म्हणतो) पाडण्यासाठी बंद झाला. शंभरी ओलांडलेला पूल, कधीतरी जाणारच होता. तेव्हापासून सगळे दादरच्या टिळक पुलावर. आणि सेंटरचं घड्याळ पूल ओळखत नाही. पाऊण तास उशिरा पोचलात तर चार तासांचं डायलिसिस सव्वातीन तासांचं होतं, कारण पुढच्या शिफ्टचा पेशंट बाहेर बाकावर येऊन बसलेला असतो. दादरला अडकलेली पंचेचाळीस मिनिटं अशी सरळ रक्तातून वजा होतात.

तरी जाणं सोपं. पहाटे रस्ते रिकामे, माणूस ताजा. खरी मजा येताना.

चार तासांत दोन-अडीच किलो पाणी काढलेलं असतं. बीपी खाली, पिंढऱ्यांत गोळे, तोंडाला कोरड. सुया काढल्या की त्या जागी गॉज दाबून बसायचं. रक्त मशीनमध्ये गोठू नये म्हणून हेपरिन दिलेलं असतं, त्यामुळे ते थांबायला कधी दहा मिनिटं लागतात, कधी पंचवीस. गाडीचं ॲप तुम्हाला विचारतं, किती वाजता? त्याला सांगा, रक्त थांबेल तेव्हा. असा पर्याय स्क्रीनवर नाही. लवकर बुक केलीत तर गाडी खाली येऊन पाच मिनिटांत निघून जाते, उशिरा केलीत तर भाडं दीडपट झालेलं असतं. मग फोन येतो. "ड्रॉप किधर है?" चुनाभट्टी म्हटलं की पलीकडे शांतता, आणि मग कट. "कॅश या ऑनलाइन?" हा दुसरा प्रश्न आलाच, तर आशा ठेवायला हरकत नाही.

अण्णांचा फिस्टुला डाव्या हाताला. त्या हातावर बीपी घ्यायचं नाही, सुई टोचायची नाही, पिशवी अडकवायची नाही, घड्याळसुद्धा बांधायचं नाही. बोट ठेवलं की आत फुरफुर लागते, व्हायब्रेटवर टाकलेला मोबाइल कातडीखाली ठेवावा तशी. ती लागते तोवर फिस्टुला चालू. टॅक्सीत मी त्यांच्या डाव्या अंगाला बसतो आणि खड्डा आला की तो हात अलगद वर धरतो, आरतीचं ताट धरावं तसा. एकदा दादर टीटीच्या वळणावर करकचून ब्रेक लागला, पट्टी सरकली आणि सीटच्या पांढऱ्या कव्हरवर रुपयाएवढा लाल ठिपका उमटला. ड्रायव्हरने आरशातून आधी ठिपका पाहिला, मग अण्णांना. धुलाईचे दोनशे वेगळे झाले. अण्णांनी डोळे मिटूनच विचारलं, "तिकीट देणार का त्याचं?"

टॅक्सीवाल्याने नाहीच म्हटलं तर डगमगू नका, तुमच्या बाजूने कायदा आहे. मोटार वाहन कायदा 1988, कलम 178. भाडं नाकारणं हा गुन्हा. हे कलम पाठ करा. मग साडेअकराच्या उन्हात, नव्वदच्या बीपीचा माणूस एका खांद्यावर टेकवून, दुसऱ्या हाताने टॅक्सीचा नंबर टिपून घ्या आणि कलम खणखणीत आवाजात म्हणा. सिग्नल सुटेपर्यंत तो नक्की ऐकून घेईल.

लोकलने का जात नाही, असं विचारणारे असतातच. डायलिसिसला जाणाऱ्या मूत्रपिंडाच्या रुग्णाला, आणि त्याच्या सोबत्यालाही, रेल्वे भाड्यात सवलत देते. पण सवलत तिकिटात असते, धक्क्यात नसते. अपंगांच्या डब्यात चढावं तर हातपाय दिसायला शाबूत. अपंगत्वाच्या 2016 च्या कायद्यात 21 प्रकार आहेत, त्यांत निकामी मूत्रपिंड नाही. शर्टाची बाही वर करून फुरफुर कुणाकुणाला दाखवणार? (पोटातून घरच्या घरी करायचं डायलिसिसही असतं. डॉक्टरांनी नाव काढलं होतं. द्रावणाच्या पिशव्यांचे महिन्याभराचे खोके दहा बाय बाराच्या खोलीत ठेवले तर आम्ही कुठे राहायचं, एवढाच प्रश्न होता.)

सरकारला याची कल्पना नाही, असं मात्र कुणी म्हणू नये. 29 फेब्रुवारी 2016 ला अर्थमंत्री अरुण जेटलींनी अर्थसंकल्पाच्या भाषणात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर केला. एका डायलिसिसला साधारण 2,000 रुपये लागतात, हे त्यांनी सांगितलं. बहुतेक कुटुंबांना लांबून वारंवार खेपा घालाव्या लागतात, प्रवासाला पैसा जातो, मजुरी बुडते, हेही सांगितलं. यंत्राच्या पैशांची सोय मग योजनांतून होत गेली. अण्णांचंही महात्मा फुले योजनेत बसलं, नाही म्हणणार नाही. प्रवासाचं वाक्य भाषणातच राहिलं. आणि 29 फेब्रुवारी चार वर्षांतून एकदा येतो, डायलिसिस परवा आहे.

शेवटी सगळे शहाणे करतात तेच आम्ही केलं, टॅक्सी महिन्यावर बांधली. जौनपूरचा माणूस, काळी-पिवळी, पैसे आगाऊ. पहिले दोन महिने तो नुसता ड्रायव्हर होता. तिसऱ्या महिन्यात अण्णा गाडीत बसले की विचारायला लागला, "बाबूजी, आज कितना निकाला?" अडीच म्हटलं की तो खड्डे चुकवत सावकाश चालवायचा, दीड म्हटलं की रेडिओ लावायचा. सतराजणांच्या यादीत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. त्यामुळे त्याच्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं तेव्हा अण्णांनी पाकीट दिलं आणि मी कपाळाला हात लावला. तो वीस दिवस गावी गेला. वीस दिवस म्हणजे नऊ डायलिसिस. बदली म्हणून जो चुलत भाऊ आला, त्याला वाटलं आम्ही रोज सिद्धिविनायकाला जातो. मंगळवारी तर त्याची खात्रीच पटली.

पावसाचं काय करायचं, असा प्रश्न उरतो. वाटेत हिंदमाताच्या सखल रस्त्यावर पाणी तुंबलं की माणसाच्या अंगातलं पाणीही तुंबतं, दोन्हींचा उपसा एकाच दिवशी अडतो. तेव्हा पाऊस सोमवारी, बुधवारी, शुक्रवारी यावा अशी व्यवस्था करा. अनंत चतुर्दशी शनिवारी आली तर सेंटरला हातापाया पडून शुक्रवारची पाळी मागा. मिळते, रात्री अकराची.

जिन्याचंही सांगून ठेवतो. तिसरा मजला, लिफ्ट नाही, 54 पायऱ्या. येताना लाकडी खुर्ची खाली आणायची, अण्णांना बसवायचं, नाक्यावरची दोन पोरं पुढून, मी मागून. पोरांना सांगून ठेवायचं की डाव्या हाताला धरायचं नाही. मधल्या वळणावर खुर्ची टेकली की अण्णा उजव्या हाताने कठड्यावर एक टकटक करतात. दम खाऊन झाला की दोन टकटक. एक घंटा थांबा, दोन घंटा चला. पोरांना ते आता सवयीचं झालंय.

परवा खुर्चीतून उतरून ते पलंगावर आडवे झाले, आणि मी त्यांना पेपर वाचून दाखवत होतो. ग्रीन कॉरिडॉरची बातमी होती. कुणाचं तरी दान केलेलं मूत्रपिंड, पोलिसांनी सगळे सिग्नल मोकळे ठेवले, अँब्युलन्स कुठेही न थांबता शहर ओलांडून गेली. अण्णांचं नावही त्या प्रतीक्षायादीत आहे, त्यामुळे मी जरा रंगवूनच वाचलं. अण्णांनी कसं नेतात ते विचारलं. मी म्हटलं, बर्फाच्या डब्यात घालून.

त्यांनी डावा हात उशीवर नीट ठेवला. "गुरुवारी मलाही त्याच डब्यात घाल," म्हणाले. "वेळेत पोचेन."