इथेनॉलने इंजिन खाल्लं का? साताऱ्याच्या दादांच्या कमेंटला उत्तर

दादा नमस्कार. उत्तर द्यायला आठ-दहा दिवस लागले त्याबद्दल सॉरी, पण तुमची कमेंट दोन ओळीत उत्तर देऊन उरकण्यासारखी नव्हती. माझ्या सुबारूच्या पोस्टखाली तुम्ही लिहिलंय की ताई, तिकडे अमेरिकेत बसून इथेनॉलचं कौतुक करणं सोपं आहे, मी साताऱ्यात २२ वर्षं गॅरेज चालवतोय, ई२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) आल्यापासून फुगलेले पाइप आणि चोकअप झालेले फिल्टर काढतोय, इथेनॉल रबर खातं, पाणी ओढतं, मायलेज पाडतं, आणि टर्बो इंजिनात ते टाकायचं म्हणजे पिस्टन जाळायचे, तुमचं वाचून इथली हौशी पोरं करून बघतील तर जबाबदारी कोण घेणार. बाकीच्यांना संदर्भ म्हणून सांगते, गाडी २०११ ची सुबारू डब्ल्यूआरएक्स एसटीआय, अडीच लिटर टर्बो, कंपनीतून ३०५ हॉर्सपॉवरची, आणि मी ती अमेरिकेत मिनेसोटा राज्यात ई८५ वर, म्हणजे बहुतांश इथेनॉल असलेल्या इंधनावर चालवते.

पहिलं म्हणजे जबाबदारीचा मुद्दा. तो शंभर टक्के मान्य. मी "पंप बदला, नोझल बदला, ट्यून करा, झालं" (इंधनाचा पंप आणि इंजिनात इंधन फवारणारे नोझल) असं एका वाक्यात उरकलं होतं आणि ते चूकच होतं, त्या पोस्टच्या वरच आता दुरुस्ती टाकलीये. इंजिन कशाने जातं ते मला वाचून माहीत नाहीये, माझं स्वतःचं गेलंय. आणि ते कसं गेलं ते मी त्या पोस्टमध्ये लिहिलंच नव्हतं, ते आज लिहिते.

तेव्हा गाडीला फ्लेक्स सेन्सर, म्हणजे इंधनात इथेनॉल किती ते मोजणारा सेन्सर, नव्हता. ट्यून, म्हणजे इंधन किती द्यायचं नि ठिणगी कधी टाकायची याची सेटिंग, एकच, ई८५ ला धरून केलेलं, म्हणजे इसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) असं धरून चालला होता की टाकीत कायम तेच आहे. ब्रेनर्डला ट्रॅकवर गेले होते, घरापासून दोनेकशे किलोमीटर, येताना टाकी अर्ध्यावर आली आणि ज्या पंपावर थांबले तिथे ई८५ नव्हतं. मी काय केलं तर ९३ ऑक्टेनचं प्रीमियम पेट्रोल भरून टाकी फुल केली आणि स्वतःला सांगितलं की हळू चालवू, काय होतंय. तासभर खरंच हळू चालवली. मग एका ट्रकला ओव्हरटेक करताना पाय खाली गेला, टर्बोने प्रेशर धरलं, आणि पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज आला, फार तर दोन सेकंद. स्क्रीनवर इसीयू टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, मागे खेचताना दिसला. मी लगेच पाय काढला. घरी पोचले, आयडलिंग नीट, धूर नाही, मला वाटलं सुटलो. पुढच्या आठवड्यात सकाळी सेल्फ मारल्यावर मागून निळा धूर, ऑइल कमी. कॉम्प्रेशन मारलं, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजला, तर तीन सिलिंडर १४० च्या आसपास आणि चार नंबर ९५.

इंजिन खोललं तेव्हा तो चार नंबरचा पिस्टन हातात घेतला होता मी. दोन रिंगांच्या मधली जी कड असते ना, तिचा नखाएवढा तुकडा उडालेला. बाकी पिस्टन ठीक. या इंजिनाचं हे दुखणं जगजाहीर आहे, कंपनीचे पिस्टन नॉकिंग (इंधन आपोआप भडकून बसणारे हादरे, खड्यांसारखा तो आवाज त्याचाच) अजिबात सहन करत नाहीत आणि तीच कड आधी तुटते. पण आता बघा दादा, त्या दिवशी टाकीत इथेनॉल जास्त होतं म्हणून हे झालं का? उलट झालं. इथेनॉल निम्म्यावर आलं होतं, आणि टायमिंग मात्र पूर्ण इथेनॉलच्या हिशोबाने चार-पाच डिग्री पुढे ठेवलेलं होतं. इसीयूला कुणी सांगितलंच नाही की आज टाकीत वेगळं काहीतरी आहे. पिस्टन इथेनॉलने नाही मोडला, ते कमी पडल्याने मोडला आणि ते कमी पडलं माझ्यामुळे.

आणि त्याच वेळी अजून एक बघितलं जे तुम्हाला मेकॅनिक म्हणून नक्की आवडेल. त्या गाडीने तोवर जवळपास ४० हजार किलोमीटर इथेनॉलवर केले होते. हेड खाली काढलं तर कंबशन चेंबर जवळजवळ धातूच्या रंगाचं, पिस्टनच्या डोक्यावर जो काही कार्बन होता तो नखाने निघत होता. नोझलचे ओ-रिंग काढून वाकवून बघितले, कुठे चीर नाही, फुगवटा नाही. पाइप मी सुरुवातीलाच बदललेले, आतून टेफ्लॉनचा थर असलेले. फिल्टरचं मात्र तुमचंच खरं निघालं, पहिल्या दोन हजार किलोमीटरात माझाही फिल्टर चोकअप झाला होता, कारण जुन्या टाकीत वर्षानुवर्षं बसलेला चिकटा इथेनॉल धुऊन काढतं आणि तो सगळा जाऊन फिल्टरमध्ये बसतो. तुमच्याकडे येणाऱ्या दहा-बारा वर्षं जुन्या गाड्यांत हेच होत असणार, फक्त गिऱ्हाइकाला आधी कुणी सांगत नाही की बाबा पहिल्या काही टाक्यांनंतर फिल्टर बघून घे.

आता टर्बोत इथेनॉल का टाकायचं, कारण तुम्ही विचारलंय की मायलेज जातं तर मिळतं काय. कोरोनात सॅनिटायझर हातावर घेतल्यावर जो गारवा लागायचा तो आठवा, २०२० मध्ये आपल्याकडच्या कारखान्यांच्या डिस्टिलरीतूनच तर ते बाहेर पडत होतं. तोच गारवा इंजिनात मिळतो. इथेनॉलची वाफ व्हायला पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता लागते, आणि त्यात पेट्रोलला १४.७ भाग हवेला एक भाग इंधन पुरतं तिथे शुद्ध इथेनॉलला ९ भागालाच एक भाग द्यावं लागतं, म्हणजे तेवढ्याच हवेत जास्त इंधन जातं. दोन्ही गुणलं की तेवढ्याच हवेला साधारण चौपट थंडावा. टर्बो इंजिनाचा सगळा त्रास उष्णतेचा, हवा दाबली की तापते, तापली की नॉकिंग, नॉकिंग म्हणून टायमिंग मागे घ्या, टायमिंग मागे घेतलं की ताकद गेली. ते चक्रच इथे सुटतं, शिवाय ऑक्टेन, म्हणजे नॉकिंगला दाद न देण्याची ताकद, मुळातच जास्त. माझ्या गाडीने डायनोवर (ताकद मोजायच्या यंत्रावर) चाकाला ९३ ऑक्टेनवर २८२ हॉर्सपॉवर दाखवले आणि ई८५ वर ३३६, टर्बो तोच. आणि हे घरगुती उद्योग करणाऱ्यांपुरतंच नाहीये, स्वीडनच्या कोनिगसेग कंपनीने २००७ मध्ये सीसीएक्सआर ही गाडी काढली तेव्हा पेट्रोलवरच्या ८०६ हॉर्सपॉवरच्या त्या इंजिनातून ई८५ वर १०१८ काढले होते, आणि अमेरिकेतली इंडी ५०० ची शर्यत त्याच वर्षापासून इथेनॉलवर चालते.

मायलेज पडतं हो, लपवायचं कशाला. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या मानाने तिसरा हिस्सा ऊर्जा कमीच असते. माझी गाडी हायवेला आधीपेक्षा पंचवीस टक्क्यांनी कमी देते. म्हणूनच नोझल ५५० च्या आसपास होते ते १०५० सीसीचे टाकावे लागले, आणि पंप मोठा. हे न बदलता जर कुणी तसंच ई८५ ओतलं तर वरच्या आरपीएमला इंधन पुरत नाही, मिक्स्चर लीन होतं (हवा जास्त, इंधन कमी), आणि मग तुम्ही म्हणता तसे पिस्टन खरंच जळतात. तुमचं वाक्य त्या गाडीबद्दल अगदी बरोबर आहे.

पिस्टन मोडल्यावर मी फोर्ज्ड (जास्त मजबूत) पिस्टन टाकले आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे फ्लेक्स सेन्सर बसवला. अगदी छोटी वस्तू, इंधनाच्या लाइनमध्ये बसते आणि इसीयूला सिग्नल देते, ५० हर्ट्झ आला तर इथेनॉल शून्य, १५० आला तर शंभर, म्हणजे आकड्यातून ५० वजा केले की टक्के मिळाले. त्यावर इसीयू इंधन, टायमिंग, टर्बोचा दाब सगळं आपोआप बदलतो. आणि हे लागतंच, कारण इथे पंपावर ई८५ लिहिलेलं असलं तरी आत ५१ ते ८३ टक्के काहीही असू शकतं, नियमच तसा आहे. थंडीत मुद्दाम कमी ठेवतात, कारण थंडीत इथेनॉलची वाफच होत नाही आणि गाडी सुरू होत नाही. माझ्या सेन्सरवर ऑगस्टमध्ये ८२ दिसतात आणि जानेवारीत नुसतं ई८५ भरलं तर ६७-६८. उणे वीसमध्ये तर तेवढ्यावरही सेल्फ सात-आठ सेकंद मारावा लागतो, म्हणून डिसेंबर ते मार्च मी सरळ निम्मं पेट्रोल घालते. आता चालतं, कारण आता इंजिनाला कळतं. ऑइलही पाच हजार किलोमीटरच्या आतच बदलते, छोट्या फेऱ्यांत इथेनॉल नि पाणी ऑइलमध्ये उतरतं आणि झाकणाखाली दुधाळ साय धरते, ती मी बघितलीये.

सेन्सर असूनही मी एक काचेची नळी गाडीत ठेवते, आणि हे तुम्ही उद्या गॅरेजमध्ये करून बघू शकता, म्हणून नीट सांगते. १०० मिलिलिटरचं मोजपात्र घ्या, आधी १० च्या खुणेपर्यंत पाणी, मग वर १०० पर्यंत पेट्रोल. तोंड बंद करून हलवा, पाच-दहा मिनिटं ठेवा. इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यात जाऊन बसतं आणि खालचा थर वाढतो. ई२० असेल तर तो थर अंदाजे २८ च्या खुणेला येईल, कारण ९० मिलिलिटरचे वीस टक्के म्हणजे १८, अधिक तुमचे १०. अगदी प्रयोगशाळेसारखं अचूक नाही येत, पण गिऱ्हाइकासमोर करून दाखवलंत तर त्याला डोळ्यांनी दिसेल की टाकीत काय आहे. विस्तवापासून लांब करा एवढंच.

पाणी ओढण्याचंही तसंच. ओढतं, खरं आहे, पण गंमत म्हणजे इथेनॉल जितकं जास्त तितकं ते पाणी पोटात घेऊन बसतं, वेगळं होऊ देत नाही. ई१० मध्ये अर्धा टक्का पाणी शिरलं की थर फुटायला सुरुवात होते, ई८५ ला त्याच्या कितीतरी पट लागतं. त्यामुळे तुमच्याकडे पावसाळ्यात दोन महिने उभी राहिलेली, टाकीच्या झाकणाचं रबर गेलेली स्कूटर येते आणि मिसिंग करते, ते दुखणं माझ्या ई८५ च्या गाडीपेक्षा तिलाच जास्त होणार. खाली पाणी नि इथेनॉलचा थर बसतो आणि इंधन उचलणारं तोंड टाकीच्या तळाशीच असतं.

आणि आता तुमचा जो खरा राग आहे, ई२० चा, त्यात मी तुमच्याच बाजूची आहे, हे तुम्हाला माझ्या पोस्टमधून दिसलं नाही ही माझ्या लिहिण्याची चूक. नीती आयोगाच्याच २०२१ च्या अहवालात लिहिलंय की साध्या पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि ई१० ला ट्यून केलेल्या चारचाकीचं मायलेज ई२० वर ६ ते ७ टक्के पडेल. त्याच आराखड्यात होतं की ई२० सहन करणारं रबर नि प्लॅस्टिक एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांत येईल आणि ई२० ला ट्यून केलेली इंजिनं एप्रिल २०२५ पासून. मग २०१४ ची वॅगनआर घेऊन तुमच्या दारात येणाऱ्या माणसाने काय करायचं? त्याला बहुतेक पंपांवर दुसरं काही मिळतच नाही. इथे मिनेसोटात एकाच पंपावर ई१०, ई१५, ई८५ वेगवेगळ्या नावाने मिळतं, आणि जुन्या गाड्या, बोटी, गवत कापायची मशिनं यांच्यासाठी बिनइथेनॉलचं प्रीमियमसुद्धा बऱ्याच पंपांवर ठेवतात. इथेनॉलचं सगळ्यात जास्त कौतुक असलेल्या, मक्याच्या राज्यात ही सोय आहे. आपल्याकडेही पंपांवर तशी एक वेगळी सोय तरी ठेवायला हवी होती असं मला मनापासून वाटतं.

मी ऊसपट्ट्यातली आहे दादा, सांगलीकडची, वडिलांचा ऊस कारखान्याला जायचा. गळीत हंगामात डिस्टिलरीकडून वारा आला की मळीचा तो आंबूस वास घरात भरायचा, तो मला अजून इथे ई८५ भरताना कधीकधी आठवतो. उसाला किती पाणी लागतं ते मला सांगायला नको, आमच्या विहिरीने सोसलंय ते, आणि त्या प्रश्नावर इथे चार ओळीत काही लिहिणं बरोबर नाही, त्यावर वेगळं लिहीन. पण त्याच मळीतून निघणाऱ्या इंधनावर इंजिन इतकं थंड, इतकं स्वच्छ चालतं हे डोळ्याने बघितल्यावर मला ते वाईट म्हणवत नाही.

हौशी पोरांसाठी मात्र तुमच्या वतीने इथे स्पष्ट लिहिते. मार्च २०२४ पासून महाराष्ट्रात काही पंपांवर इथेनॉल १०० (जवळजवळ शुद्ध इथेनॉल) मिळायला लागलंय, ते तुमच्या टर्बो पोलोत किंवा ऑक्टाव्हियात "थोडं मिसळून बघू" म्हणून घालू नका. त्या गाड्यांना नोझल पुरत नाहीत, सेन्सर नाही, आणि पिस्टन मोडायला एक-दोन सेकंद पुरतात, माझ्याकडे तो पिस्टन अजून आहे. आणि काही झालं तर विमा नि वॉरंटी दोन्ही हात वर करतील.

शेवटी एक विनंती. तुम्ही जे फुगलेले पाइप काढले म्हणालात ते टाकून देऊ नका. त्यांच्यावर बऱ्याचदा बारीक अक्षरात जे३० (इंधनाच्या पाइपांचं मानक) आणि पुढे आर नि एक आकडा छापलेला असतो, आर६, आर७, आर९ असा. आर९ असेल तर आतला थर फ्लोरो-रबराचा, आणि तसला पाइप फुगला असेल तर मला ते खरंच बघायचंय, कारण मग मलाही माझं मत बदलावं लागेल. माझा अंदाज आहे बरेच आर६ किंवा काहीच न छापलेले निघतील. कोणत्या गाडीतून, कोणत्या सालच्या, ते चिठ्ठी लावून ठेवा. जानेवारीत गावी येतेय, सातारा वाटेवरच आहे, चालत असेल तर गॅरेजला येते, काचेची नळी मी घेऊन येईन, पेट्रोल तुमच्याकडचं.