शेजारच्या देशात भाजीला

शनिवारी सकाळी पिशवी घेऊन मी शेजारच्या देशात भाजीला जातो. चालत जेमतेम बारा मिनिटं. घर क्रॉइत्सलिंगेनला, म्हणजे स्वित्झर्लंडच्या थुरगाऊ प्रांतात. बाजार कोन्स्टान्झला, म्हणजे जर्मनीत. दोन्ही गावं बोडनसे या तळ्याच्या काठाला अशी एकमेकांना खेटून बसलीत की कुठं एक संपतं आणि दुसरं सुरू होतं ते पाटी वाचूनच कळावं. आमच्याकडं २२ हजारांवर माणसं, पलीकडं ८५ हजारांच्या आसपास. दोन्ही मिळून लाखभर. सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेत २०११ च्या जनगणनेला पाच लाख होती आणि मधे कसली हद्दही नाही. तरी मिरजकराला सांगलीकर म्हणून बघा एकदा.

मी सांगली जिल्ह्यातल्या, कर्नाटकाला लागून असलेल्या जत तालुक्याच्या पूर्वभागातला, उमदीकडचा. आजी कानडीत रागवायची, मास्तर मराठीत. मावशी विजापुरात दिलेली. गुड्डापूरच्या दानम्मादेवीला जाताना गाडीत कोण कुठल्या राज्यातलं, हा प्रश्न कुणाला पडल्याचं मला तरी आठवत नाही.

तो पडला नोव्हेंबर २०२२ मध्ये. जतच्या ४० गावांनी पाणी मिळत नाही म्हणून २०१२ साली कर्नाटकात जायचा ठराव केला होता. तो धरून तेव्हाचे कर्नाटकचे मुख्यमंत्री बोम्मई यांनी त्या गावांवर हक्क सांगायची भाषा केली. आमच्या शाळेच्या ग्रुपवर रात्रभर रणकंदन. पुण्यात फ्लॅट घेतलेले ठराव करणाऱ्यांना गद्दार म्हणत होते. गावातले म्हणत होते, आधी टँकरच्या रांगेत घागर घेऊन उभा राहा, मग बोल. मधेच एकानं मला ओढलं : "तुमच्या युरोपात बघ, कुंपणंच काढून टाकली. आपल्याला कधी कळणार?"

युरोपचं हे कौतुक मला अर्धवट वाटतं. इथंही कुंपण होतं, दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला घातलेलं. ते निघायला २००६ उजाडलं. त्या जागी टॅरोच्या पत्त्यांवरची २२ उंच शिल्पं उभी केली. हद्द काय ती आता तेवढीच. पण मार्च २०२० मध्ये करोना आला आणि एका रात्रीत तिथं जाळी ठोकली. लोक जाळीतून हात धरायला लागले, तर मधे अंतर ठेवून दुसरी जाळी. दोन महिने नवरा-बायको, आजी-नातवंडं आरपार ओरडून बोलत होती. मी पाहिलंय ते. तेव्हा शहाणपणाचा मक्ता कुणी कुणाला देऊ नये.

मला जास्त शिकवलं ते कुणी फोटो काढत नाही अशा दोन गोष्टींनी. एक, टेगरमोस. हा भाजीच्या मळ्यांचा पट्टा स्विस जमिनीवर, पण कोन्स्टान्झच्या माळ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या कसलेला. जमीन कुणाची यावर घासाघीस होऊन १८३१ साली करार झाला : मुलूख थुरगाऊचा, पण कोन्स्टान्झ शहराचे काही हक्क कायम. ते आजही पुरते संपलेले नाहीत. दुसरी गोष्ट गटाराची. आमच्या गावचं सांडपाणी हद्द ओलांडून कोन्स्टान्झच्या केंद्रात जातं आणि तिथं शुद्ध होतं. आई मागच्या उन्हाळ्यात आली होती. तिला तळं दाखवलं, शिल्पं दाखवली. ती हूं हूं करत राहिली. गटाराचं सांगितलं तशी थांबली. म्हणाली, "यांची घाण ते धुतात? मग ही सोयरीकच झाली की रं."

आणि तळ्याचं तर विचारू नका. मोठ्या भागात तीन देशांची हद्द नक्की कुठून जाते, यावर आजतागायत एकमत नाही. ऑस्ट्रिया, जर्मनी, स्वित्झर्लंड, तिघांचा सूर वेगळा. तरीही पाणी स्वच्छ राखायला १९५९ पासून सामाईक आयोग आहे आणि त्याच तळ्यातून जर्मनीतल्या सुमारे ४० लाख लोकांना प्यायचं पाणी जातं. आधी रेघ ठरली आणि मग नळ आले, असं झालं नाही.

आपल्याकडं उलटं. महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादावरचा महाजन आयोगाचा अहवाल १९६७ चा, सर्वोच्च न्यायालयातला दावा २००४ चा, आणि पूर्वभागातल्या बाईच्या डोक्यावरची घागर त्या दोन्हींच्या आधीची. बोम्मई बोलले तेव्हा कुठं जतच्या या गावांना पाणी द्यायच्या विस्तारित म्हैसाळ योजनेला मुंबईत घाई सुटली. ग्रुपवरचे पुणेकर मित्र रागावतील, पण तो ठराव मी फितुरी म्हणून वाचत नाही. थकलेलं पाणी मागायला गेलेल्या माणसाचा चढलेला आवाज आहे तो. कर्नाटकाच्या प्रेमात कुणी पडलं नव्हतं. विजापूरकडच्या शिवारात पाणी खेळताना दिसत होतं, एवढंच.

मला हे लिहिणं सोपं आहे, हेही खरं. नळ सोडला की पाणी येतं. शिवाय ज्या गावात निम्म्याहून जास्त लोक माझ्यासारखे परदेशी, तिथं आम्हाला मतही नाही. म्हणजे माझं इथलं सीमाप्रेम बिनखर्चाचं.

२०२२ च्याच डिसेंबरात गावाकडं चुलतभावाला फोन लावला. कर्नाटकच्या तुबची-बबलेश्वर योजनेचं पाणी आमच्या पूर्वभागातल्या तिकोंडीच्या तलावात आलं होतं. म्हणजे आपल्याकडून वाहत गेलेली कृष्णा कर्नाटकातून उचलून, फिरून आमच्याच शिवाराकडं. मी ग्रुपवरच्या तोऱ्यात विचारलं, "मग आता तुम्ही कुणाकडचे?"

"फोन ठेव," तो म्हणाला. "मोटर टाकायला निघालोय. उद्या बंद केलं तर?"