बोटीवर ट्रायपॉड कशाला?

आयर्लंडमधल्या डूलिन गावाहून समुद्रकाठचे मोहरचे कडे बघायला निघालेल्या बोटीत कुणी ना कुणी ट्रायपॉड उघडतंच. अहो, डेकच हलतोय! इंजिनाची थरथर त्या पायांतून थेट कॅमेऱ्यात चढते. कठड्यावर कोपर टेकलं तरी तेच. गुडघे सैल सोडा, कोपरं बरगड्यांना चिकटवा, शटर १/१००० सेकंदापेक्षा हळू ठेवू नका, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश टिपायची संवेदनशीलता) खुशाल ८०० होऊ द्या. फोटोत थोडे दाणे आले तरी चालतात, हललेला फोटो काही केल्या सुधारत नाही.

आणि ती सकाळची फेरी! कडे पश्चिमेकडे तोंड करून उभे. सकाळभर २१४ मीटरची ती भिंत सावलीत काळीठिक्कर, मागे आभाळ पांढरंफटक. मग उजेडाच्या नावाने बोटं मोडायची. दुपारनंतर जा ना, खडकाचा थर न् थर दिसतो.

सगळ्यात चीड येते ती लेन्स शर्टाला पुसणाऱ्यांची. खारं पाणी वाळलं की मिठाचे कण उरतात, कोरडं घासलं की काचेवरच्या कोटिंगवर ओरखडे. आधी गोड्या पाण्यात भिजवलेलं मऊ फडकं, मग कोरडं. कड्यांसमोर समुद्रात उभ्या असलेल्या ब्रानान मोर सुळक्यापाशी बोट वळताना तुषार येणारच. तेवढा वेळ हूड (लेन्सच्या तोंडावरचं कडं) लावून लेन्स खाली धरायला काय जातं?