कार्ड बदलण्याआधी सेटिंग बघा

पीसीला जोडलेल्या उपकरणांनी मोजमाप घेताना वेग हवा तर जास्त सॅम्पलिंग रेटचं, म्हणजे सेकंदाला जास्त रीडिंग घेणारं, डेटा अ‍ॅक्विझिशन कार्ड घ्या, हा एका लेखातला सल्ला घाईचा वाटला. घोडं बहुधा दुसरीकडेच पेंड खात असतं. मल्टिमीटरवर इंटिग्रेशन (एका रीडिंगसाठी सिग्नलची सरासरी घेण्याचा वेळ) १ पॉवर लाइन सायकल, म्हणजे वीजपुरवठ्याचं एक आवर्तन, ठेवलं, की ५० हर्ट्झला एकेका रीडिंगला २० मिलिसेकंद जाणारच. ऑटोझिरो (दर रीडिंगला मीटरने स्वतःचं शून्य तपासणं) चालू असेल तर जवळपास दुप्पट. ०.१ सायकलला २ मिलिसेकंदांत भागतं, पण मग मेन्सचा हम (वीजपुरवठ्याचा ५० हर्ट्झचा गोंगाट) रीडिंगमध्ये घुसतो. थर्मोकपल या तापमान मोजणाऱ्या सेन्सरच्या मिलिव्होल्टला ते परवडत नाही. आणि प्रत्येक रीडिंगसाठी पीसीकडून वेगळी कमांड कशाला? ट्रिगर द्या, बफर (मीटरची स्वतःची मेमरी) भरू द्या, सगळं एकदम वाचा. एकाच मीटरला आळीपाळीने वेगवेगळे चॅनल जोडणाऱ्या रिले मल्टिप्लेक्सरचा सेटलिंग टाइम (चॅनल बदलल्यावर व्होल्टेज स्थिरावण्याचा वेळ) मात्र कापू नका, आधीच्या चॅनलचं व्होल्टेज पुढच्यात डोकावायला लागतं.