सावळ्या त्वचेला उन्हापासून संरक्षण नको, या दाव्याविषयी

सध्या सर्वत्र पुढे पाठवल्या जाणाऱ्या एका संदेशात चार गोष्टी ठामपणे सांगितलेल्या आहेत. सावळ्या त्वचेला निसर्गानेच संरक्षण दिलेले असल्यामुळे ऊन तिला म्हातारी करू शकत नाही; काचेआड असताना उन्हाची काळजी करण्याचे कारण नाही; सनस्क्रीनमधील रसायने रक्तात उतरतात आणि शरीराला ड जीवनसत्त्वही मिळू देत नाहीत; आणि सनस्क्रीनऐवजी साधे तेल चोळले तरी भागते. यांतील प्रत्येक गोष्टीत खऱ्याचा थोडाफार अंश आहे, त्यामुळे संदेश नुसता ‘खोटा’ म्हणून बाजूला सारता येत नाही.

सावळ्या त्वचेतील मेलॅनिन हे रंगद्रव्य संरक्षण देते, हे निर्विवाद आहे. १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या मोजमापांत गोऱ्या त्वचेच्या वरच्या थरातून सुमारे २४ टक्के यूव्हीबी किरण (यूव्हीए आणि यूव्हीबी हे उन्हातील अतिनील किरणांचे दोन प्रकार) आत गेले होते, तर काळ्या त्वचेतून सुमारे ७ टक्केच. परंतु त्याच मोजमापांत यूव्हीए किरणांचे काळ्या त्वचेतून आत जाणारे प्रमाण साडेसतरा टक्क्यांच्या आसपास होते, आणि संदेश लिहिणाऱ्याची गफलत नेमकी येथे झालेली आहे. त्वचा लाल होणे, भाजणे, सोलणे हे मुख्यतः यूव्हीबीचे काम. जमिनीवर पोहोचणाऱ्या अतिनील किरणांपैकी सुमारे ९५ टक्के मात्र यूव्हीए असतात. ते खोल शिरतात, त्वचेला घट्ट ठेवणारे कोलॅजन हे प्रथिन तोडणाऱ्या विकरांना चालना देतात, आणि हे सारे न दुखता, न लाल होता वर्षानुवर्षे चालते. तेव्हा ‘आम्हाला कधी ऊन भाजत नाही’ हा अनुभव खरा असला, तरी त्यावरून त्वचेच्या वयाचा अंदाज बांधता येत नाही.

खात्री करायची असेल, तर दंडाची आतली बाजू आणि हाताच्या पंज्याची वरची बाजू शेजारी धरून पाहावी. दोन्हींचे वय एकच, तरी पन्नाशीतल्या माणसाच्या दंडाच्या आत त्वचा बरीचशी एकसारखी व मऊ असते, तर पंज्यावर डाग, जाडसरपणा आणि बारीक सुरकुत्यांची जाळी दिसते. सावळ्या त्वचेत सुरकुत्या उशिरा येतात हे मान्यच आहे. तिच्यावर उन्हाचा परिणाम बहुधा आधी डाग, वांग आणि असमान रंग या रूपांत दिसतो. असे डाग केवळ अतिनील किरणांनीच नव्हे, तर दृश्य प्रकाशानेही गडद होतात, म्हणून वांग असलेल्यांना आयर्न ऑक्साइड असलेले रंगीत सनस्क्रीन सुचवले जाते. येथे एक गोष्ट संदेशाच्या बाजूने सांगायला हवी: गडद त्वचेच्या लोकांत तळपायावर होणाऱ्या मेलॅनोमाचा (त्वचेच्या एका कर्करोगाचा) उन्हाशी संबंध दिसत नाही, त्यामुळे तेथे सनस्क्रीनचा उपयोग सांगणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

काचेचा मुद्दा लवकर निकालात निघतो. साधी काच यूव्हीबी अडवते, पण यूव्हीएचा मोठा भाग आत येऊ देते. अमेरिकेतील एका वैद्यकीय नियतकालिकात २०१२ साली ६९ वर्षांच्या एका ट्रकचालकाचे छायाचित्र छापले होते. २८ वर्षे खिडकीकडे राहिलेली त्याच्या चेहऱ्याची डावी बाजू उजवीपेक्षा कितीतरी अधिक जाड आणि सुरकुतलेली होती.

रसायनांची शंका सर्वांत रास्त आहे. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०१९ आणि २०२० साली प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांत ऑक्सिबेन्झोनसारखे सनस्क्रीनमधील घटक रक्तात ठरवलेल्या मर्यादेहून अधिक आढळले. मात्र ती मर्यादा अपायाची नाही, त्यापुढे अधिक तपासणी आवश्यक आहे एवढेच सांगणारी आहे. ज्याला तरीही धास्ती वाटते, त्याने झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड असलेले मलम निवडावे. ड जीवनसत्त्वाविषयी म्हणायचे, तर रोजच्या सामान्य वापराने ते ‘बंद’ होत नाही. ज्यांची कसून वापरण्याची सवय आहे त्यांनी रक्त तपासून गरजेप्रमाणे गोळी घेणे सोपे आहे.

तेलाने त्वचेचा कोरडेपणा जातो, किरण मात्र भरवशाने अडत नाहीत. उलट ऑस्ट्रेलियातील नॅम्बोर येथे १९९२ ते १९९६ या काळात झालेल्या प्रयोगात ९०३ प्रौढांची तुलना केली, तेव्हा रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांत साडेचार वर्षांत त्वचेची जीर्णता इतरांपेक्षा २४ टक्के कमी आढळली. हे लोक बहुतांश गोऱ्या त्वचेचे होते, म्हणून हा आकडा जसाच्या तसा सर्वांना लावू नये.

सनस्क्रीनच्या जाहिराती मात्र संदेशाइतक्याच सैल असतात. एसपीएफ, म्हणजे वेष्टनावरचा संरक्षणाचा क्रमांक, ३० असेल तर सनस्क्रीन सुमारे ९७ टक्के यूव्हीबी अडवते, ५० सुमारे ९८ टक्के. आणि हे आकडे दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम लावल्यावरचे आहेत, तर लोक साधारण त्याच्या पाव ते निम्मेच लावतात. शिवाय हा क्रमांक मुख्यतः यूव्हीबीचा आहे, म्हणून यूव्हीएपासून संरक्षणाचा उल्लेख वेष्टनावर निराळा शोधावा लागतो. लांब बाहीच्या घट्ट विणीच्या कपड्याला आणि सावलीला असा कोणताही हिशेब लागत नाही, आणि दर दोन तासांनी ती पुन्हा लावावीही लागत नाहीत.