लिंक वाचायची नसते, टाकायची असते

सगळ्यात आधी एक गैरसमज काढून टाका. लिंक ही वाचायची वस्तू आहे असं तुम्हाला वाटत असेल, तर व्हॉट्सॲपच्या ग्रुपमध्ये तुमचं काही खरं नाही. दिवाळीत शेजारी फराळाचं ताट पोचवताना कोणी आधी सगळ्या चकल्या खाऊन बघतं का? वरचा रुमाल नीट आहे ना, एवढं बघायचं आणि बेल वाजवायची. लिंकचंही तसंच. वरचं चित्र दिसतंय, मथळा ठळक आहे, बस्स. टाका.

यात लाजण्यासारखंही काही नाही. २०१६ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या आणि फ्रान्समधल्या संशोधकांनी ट्विटरवरच्या लिंका तपासल्या. शेअर झालेल्यांपैकी ५९ टक्के लिंका कोणी एकदाही उघडलेल्या नव्हत्या. (मलाही हा आकडा आधी एका मथळ्यातच भेटला. पुढचं वाचलं ते हा लेख लिहायचा होता म्हणून.) त्याच वर्षी एका विनोदी संकेतस्थळाने मथळा दिला होता, की ७० टक्के लोक विज्ञानाच्या बातमीचा फक्त मथळा वाचून मत ठोकतात. खाली बातमी नव्हतीच. छपाईच्या नमुन्यात जागा भरायला वापरतात तो निरर्थक लॅटिन मजकूर होता. हजारो लोकांनी ती बातमी पुढे ढकलली, आणि मला खात्री आहे, त्यातल्या बऱ्याच जणांनी वर ‘अभ्यासपूर्ण’ असं लिहिलं असेल.

तो एक शब्द फार महत्त्वाचा. नुसती लिंक टाकणं म्हणजे आहेराच्या पाकिटावर नाव न घालणं. लेख लांबलचक असेल तर ‘अभ्यासपूर्ण’. आपल्या बाजूचा असेल तर ‘वाचनीय’. समोरच्या पक्षाची बिनपाण्याने केलेली असेल तर ‘डोळे उघडणारा’. काहीच कळलं नसेल तर ‘चिंतनीय’. मला स्वतःला ‘फुरसतीत वाचा’ सगळ्यात जास्त आवडतं, कारण त्यात आपण वाचलंय असा दावाही नाही आणि वाचलं नाही असा कबुलीजबाबही नाही. शिवाय समोरच्याला फुरसत नसतेच.

वेळ कोणती? सुप्रभातच्या गुलाबानंतर आणि दूधवाल्याच्या आधी. उशीर झाला की तीच लिंक दुसरा कोणी टाकतो, आणि मग आपल्याला नुसता अंगठा दाखवावा लागतो. घाई असेल तर खऱ्याच्या मागे लागू नका. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या तिघा संशोधकांनी २०१८ साली ‘सायन्स’ या विज्ञान नियतकालिकात ट्विटरवरच्या बातम्यांचा अभ्यास छापला. खऱ्या बातमीला १५०० लोकांपर्यंत पोचायला जेवढा वेळ लागतो, त्याच्या सहाव्या हिश्श्यात खोटी पोचते, असं त्यात निघालं. ज्याला सगळ्यांच्या आधी पोचायचंय त्याने कुठल्या गाडीत बसावं, हे मी सांगायला नको.

विज्ञानाच्या लिंकांना नासाची फोडणी लागते. नासाने सांगितलं म्हटलं की पुढे कोणी विचारत नाही. दिवाळीच्या रात्री उजळलेल्या भारताचा तो रंगीबेरंगी फोटो तुम्हाला दर वर्षी येतो ना? तो कुठल्याच दिवाळीचा नाही. अमेरिकेच्या हवामान संस्थेतल्या एका शास्त्रज्ञाने वेगवेगळ्या वर्षांचे दिवे वेगवेगळ्या रंगांत दाखवून तो २००३ साली तयार केला. कोणत्या वर्षापर्यंत वस्ती कुठे वाढली, ते त्यात बघायचं होतं. २०१२ च्या नोव्हेंबरमध्ये खुद्द नासाने खऱ्या दिवाळीचा फोटो प्रसिद्ध करून खुलासा केला, की दिवाळीचा जास्तीचा उजेड इतका मंद असतो की अवकाशातून तो जाणवणारही नाही. आता तुम्हीच सांगा, असला फिका खुलासा कोण टाकणार? लक्ष्मीपूजनाला कोणी उपग्रहाला विचारून पणत्या लावतं का?

तंत्रज्ञानाचंही तेच. नोटाबंदीनंतर दोन हजाराच्या नोटेत चिप आहे, जमिनीखाली पुरली तरी उपग्रहाला कळते, ही बातमी आपण सगळ्यांनी मिळून मोठी केली. रिझर्व्ह बँकेने असं काही नाही म्हणून सांगितलं. २०२३ च्या मे महिन्यात ती नोट चलनातून मागे घ्यायचं ठरलं आणि लोक कपाटं, उशा, डाळीचे डबे उपसत बसले. उपग्रहाने कोणालाही काही कळवलं नाही.

इथे एक नियम नीट पाठ करा: दुसरी लिंक टाकायची नसते. २०२३ च्या जुलैत दक्षिण कोरियातून बातमी आली, की साध्या खोलीच्या तापमानाला वीज विनारोध वाहून नेणारा पदार्थ सापडला, नाव एलके-९९. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दोन आठवडे सगळेच भौतिकशास्त्रज्ञ होते. वीजबिल शून्य होणार की निम्मं, यावर सातव्या मजल्यावरचे काका आणि सेक्रेटरी यांच्यात वाजलंसुद्धा. ऑगस्टमध्ये ठिकठिकाणच्या प्रयोगशाळांनी तपासलं आणि तसं काही नाही असं निघालं. ही बातमी ग्रुपवर आलीच नाही. म्हणजे आली, पण ती दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी टाकली, आणि ती कोणी उघडली नाही.

या काकूंबद्दल तुम्हाला सावध करायला हवं, कारण प्रत्येक ग्रुपमध्ये अशी एक व्यक्ती असतेच. निवृत्त शिक्षिका. लिंक उघडतात. शेवटपर्यंत वाचतात. मग खाली विचारतात, “ही तारीख २०१४ ची आहे ना?” यांच्याशी वाद घालायचा नाही. दोन हात जोडायचे, ‘आपला अभ्यास दांडगा’ असं लिहायचं आणि लगेच कोणाच्या तरी वाढदिवसाचा केक टाकायचा. केकखाली पंचवीस शुभेच्छा जमल्या की तारीख गाडली जाते.

राजकारणाच्या लिंकांवर वेळ घालवत नाही. तिथे तुम्ही आधीच तज्ज्ञ आहात. एवढंच, की टाकलेली लिंक सगळ्यांसाठी डिलीट करू नका. मागे जी ओळ उरते, ती लिंकपेक्षा जास्त वाचली जाते.

युद्ध मात्र मोठा विषय आहे आणि त्याला तयारी लागते. ‘आर्मा ३’ नावाचा एक व्हिडिओ गेम आहे. गेली कित्येक वर्षं जगात कुठेही लढाई पेटली की या गेममधली दृश्यं खरी म्हणून फिरतात, युक्रेनमधली म्हणून फिरली, गाझातली म्हणून फिरली. शेवटी २०२२ साली तो बनवणाऱ्या चेक कंपनीने वैतागून एक निवेदन काढलं आणि गेममधलं चित्रण कसं ओळखावं ते सांगितलं: चित्र अंधुक असतं, कॅमेरा थरथरत असतो, बहुतेकदा रात्रीची वेळ असते, आवाज नसतो, हलतीफिरती माणसं दिसत नाहीत. वाचताना माझ्या लक्षात आलं, की आपण नेमके हेच निकष लावून व्हिडिओ निवडतो. स्वच्छ दिसणारं युद्ध कोणाला खरं वाटतं?

२०२५ च्या मे महिन्यात ऑपरेशन सिंदूर झालं त्या दिवसांतली गोष्ट. रात्री साडेदहाला सातव्या मजल्यावरच्या काकांनी एक व्हिडिओ टाकला. काळं आकाश, खालून वर जाणाऱ्या ठिणग्यांच्या रेघा, मधे एक विमान. वर ‘आत्ताचं! थेट सीमेवरून!!’ मी तेव्हा लिफ्टची चावी द्यायला त्यांच्याच घरी होतो. काका सोफ्याच्या कडेला येऊन बसलेले, चष्मा कपाळावर, फोन नाकाजवळ. पाचवीतला नातू पाठीमागून डोकावला आणि म्हणाला, “आजोबा, हे मी खेळलोय. आता ते विमान उजवीकडे वळणार.” विमान उजवीकडे वळलं. काका क्षणभर गप्प झाले. मग फोन उलटा करून मांडीवर ठेवत म्हणाले, “तू झोपायला जा. उद्या उठायचं नाही का?” दुसऱ्या दिवशीपासून शाळेला सुट्टी होती. व्हिडिओ ग्रुपवर तसाच राहिला. खाली अठ्ठावीस झेंडे आले. त्यातला एक माझा होता. काकांच्याच घरात उभा राहून दुसरं काय टाकणार?

पुढचा प्रश्न यंत्राचा. व्हॉट्सॲप तुम्हाला एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी ढकलू देतं, आणि फार फिरलेला असेल तर एकाच. वर ‘अनेकदा फॉरवर्ड केलेला’ असा दोन बाणांचा शिक्काही मारतं, म्हणजे आपण शिळं वाढतोय हे पाहुण्यांना कळतं. उपाय सोपा आहे. मजकूर कॉपी करा, नव्याने चिकटवा. शिक्का जातो, मजकूर ताजा होतो, आणि खाली ‘आला तसा पाठवला’ असं लिहिलं की जबाबदारीही जाते.

ही पाचाची मर्यादा भारतात २०१८ च्या जुलैत का आली, असं कोणी विचारलं तर मात्र विषय बदला. त्या उन्हाळ्यात मुलं पळवणारी टोळी फिरतेय, असे मेसेज देशभर फिरत होते. त्यांच्यासोबत मोटारसायकलवरून मूल उचलून नेल्याचा एक व्हिडिओ होता. तो कराचीतल्या जनजागृतीच्या जाहिरातीचा तुकडा होता, आणि मूल परत आणून सोडतात तो शेवट कापलेला होता. १ जुलैला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला आठवडी बाजार होता. भिक्षा मागत फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे आले. एका लहान मुलीशी बोलले. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारलं. तिथेही मेसेज ज्याने त्याने आला तसाच पाठवला होता.

केक टाका.

हां, तर काकू. ऑपरेशन सिंदूरच्याच मे महिन्यातल्या एका बुधवारी दुपारी त्यांनी एक लिंक टाकली होती. साधी स्थानिक बातमी. चित्र नाही, नासा नाही, उद्गारचिन्हसुद्धा नाही. आमच्या भागात गुरुवारी दिवसभर पाणी येणार नाही, एवढंच. तिच्यावर संध्याकाळपर्यंत त्रेचाळीस विमानं, सहा नकाशे आणि निवृत्त सेनाधिकाऱ्याच्या नावाचं एक पत्र येऊन पडलं. काकूंनी आपल्या घरच्या बादल्या भरल्या, वर माळ्यावरचं पिंपसुद्धा काढलं.

गुरुवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी पाचव्या मजल्यावरून पहिला मेसेज आला, ‘पाणी नाही का?’ मग चौथ्यावरून, मग तिसऱ्यावरून. सेक्रेटरींनी वॉचमनला टाकी बघायला पाठवलं. वॉचमनने रिकाम्या टाकीचा फोटो टाकला. सव्वासातला सातव्या मजल्यावरच्या काकांनी लिंक टाकली: चांद्रयानाला चंद्रावर पाणी सापडलं. वर लिहिलं होतं, ‘अभिमानास्पद! फुरसतीत वाचा.’

बातमी २००९ ची होती. काकूंनी काही विचारलं नाही. त्यांच्याकडे सकाळपासून बादली मागायला रांग लागली होती, आणि तिसरा नंबर माझा होता.