कोंब फुटलेलं रताळं विषारी नसतं

उपवासाचे दिवस आले की एक मजकूर हमखास फिरतो: ‘रताळं हा बटाट्याचाच गोड प्रकार. म्हणून कोंब आलेलं रताळं बटाट्यासारखंच विषारी, पाला तर तोंडातही घालू नये, आणि लागवड डोळ्यांचे तुकडे करूनच करावी.’ यातलं एकही विधान टिकत नाही. त्याहून वाईट म्हणजे खरा धोका या मजकुरात कुठेच सांगितलेला नाही.

‘बटाट्याचाच प्रकार.’ बटाटा वांगं-मिरचीच्या कुळातला. रताळं गारवेल, नाळीची भाजी आणि बेशरम यांच्या कुळातलं. ही दोन्ही कुळं एकाच गणात मोडतात, तेवढंच नातं. खात्री करायची तर फूल बघा. रताळ्याच्या फिकट जांभळ्या, आत गडद होत जाणाऱ्या पाकळ्या एकमेकींना जुळून नरसाळं होतं. ते सकाळी उमलतं आणि ऊन चढलं की मिटतं. बटाट्याच्या फुलाला पाच टोकं आणि मधोमध पिवळे पुंकेसर. फूल नसेल तर ताजं रताळं आडवं कापा. सालीलगत पांढऱ्या चिकाचे थेंब येतात, हाताला चिकटतात आणि काळे पडतात. बटाट्याला असा चीक नसतो.

‘डोळ्यांचे तुकडे लावा.’ बटाटा हे जमिनीखालचं खोड आहे, म्हणून त्यावर डोळे असतात. रताळं हे फुगलेलं मूळ. त्याला डोळे नसतात. कोंब नव्याने फुटतात, तेही बहुतेक वेलाकडच्या टोकाला. कापलेले तुकडे शेतात लावले तर बरेचसे कुजतात. बेणं घ्यायचं ते वेलाचं: शेंड्याकडचा 20 ते 30 सेंमीचा तुकडा, पानांसकट एक-दोन दिवस सावलीत ठेवलेला. वरंब्यांत 60 सेंमी आणि दोन वेलांत 20 सेंमी अंतर ठेवून दोन-तीन पेरं मातीत जातील असा लावा. नत्र जास्त झालं की वेल माजतो आणि रताळी पोसत नाहीत. पसरलेला वेल मधूनमधून उचलून पलटला नाही, तर तो पेरापेराला मुळं धरतो.

‘पाला विषारी.’ बेशरमीचा पाला खाऊन शेळ्या आजारी पडतात, गारवेलीचं बीही खाण्याजोगं नाही; ती भीती नातेवाईक म्हणून रताळ्यावर ढकलली गेली आहे. फिलिपिन्समध्ये रताळ्याचे कोवळे शेंडे रोजच्या भाजीत असतात. पाण्यात एक उकळी काढून, ते पाणी टाकून परता.

‘कोंब आले की विष.’ बटाट्यात कोंबांजवळ आणि हिरव्या सालीत सोलानिन हे विष साठतं. रताळं सोलानिन तयारच करत नाही. कोंब आलेलं रताळं थोडं सुरकुततं, गोडी आणि गर कमी होतो. कोंब खुडून टाका आणि उकडा.

भ्यायचं ते बुरशीला आणि सोंड्या भुंग्याला. काळी कूज लागली किंवा भुंग्याच्या अळीने पोखरलं की रताळं स्वतःच्या बचावासाठी इपोमिआमेरॉनसारखी कडू रसायनं तयार करतं. ती यकृताला घातक असतात आणि उकडून पूर्ण जात नाहीत. काळे खोलगट डाग, आत तपकिरी बोगदे, उग्र वास, कडू घास: यातलं काहीही दिसलं तर तेवढा भाग कापून उरलेलं वापरण्याचा मोह टाळा, अख्खं रताळं टाका. शेतात मातीला भेगा पडू देऊ नका, भर द्या. भुंग्याची मादी भेगांतून रताळ्यापर्यंत पोचून अंडी घालते. घरी रताळी फ्रिजमध्येही ठेवू नका. साधारण 12 अंशांखाली गर बिघडतो, शिजवल्यावर मधला भाग कडक राहतो आणि अशी रताळी लवकर कुजतात. कोरड्या, हवेशीर टोपलीत ठेवा.

आणि कुजकी रताळी गोठ्यात टाकू नका. बुरशीमुळे त्यांत तयार होणाऱ्या दुसऱ्या एका रसायनाने गाईगुरांच्या फुप्फुसांत पाणी भरतं, धाप लागते आणि जनावर दगावू शकतं.